भोला 1970: वाचलेल्यांनी काय खाल्लं?

नैसर्गिक आपत्तीचा इतिहास आपण मृतांच्या आकड्यांत वाचतो. त्या रात्री जे मेले नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी काय खाल्लं, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाही. मला मात्र तोच प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर शोधायला 1970 च्या पूर्व पाकिस्तानइतकं, म्हणजे आजच्या बांगलादेशइतकं बोलकं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

12 नोव्हेंबर 1970 ची रात्र. रमजानचा महिना निम्म्यावर आला होता, पौर्णिमेची भरती होती. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ नेमकं त्या भरतीवर भोला, हातिया, मनपुरा या बेटांवर येऊन आदळलं. किमान तीन लाख माणसं गेली असं मानलं जातं. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. तजुमुद्दीन नावाच्या एका भागात 1 लाख 67 हजार वस्तीपैकी सुमारे 45 टक्के लोक दगावले. त्यात भातकापणीचे दिवस. बाहेरगावाहून मजुरीला आलेले कितीतरी लोक चरांवर, म्हणजे नदीच्या गाळाने तयार झालेल्या सखल जमिनीवर, मुक्कामाला होते. त्यांची गणती कुठल्याच गावाच्या यादीत नव्हती.

आता वाचलेल्यांकडे वळू. उभं आमन भात गेलं, घरातला साठा गेला, सुमारे 2 लाख 80 हजार गुरं मेली. या किनाऱ्यावर प्रथिनांचा मोठा भाग मासळीतून मिळतो; तिथल्या मासेमारीची निम्म्याहून अधिक क्षमता होड्या-जाळ्यांसकट नष्ट झाली. तळ्यांत खारं पाणी शिरलं. अशा ठिकाणी तांदळाचं पोतं टाकलं तर ते लगेच अन्न होत नाही. त्याला गोडं पाणी लागतं, कोरडी लाकडं लागतात, पातेलं लागतं. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत चुलीशिवाय खाता येणाऱ्या चिवड्याला, म्हणजे आपल्या पोह्यांना, आणि गुळाला खरी किंमत. ईदला तीन आठवडेही उरले नव्हते.

बंगालीत मदतकार्याला 'त्राण' म्हणतात. मराठीत आपण 'अंगात त्राण उरलं नाही' असं म्हणतो. मूळ शब्द संस्कृतच, अर्थ रक्षणाचा. पण दोन्ही भाषांतले अर्थ शेजारी ठेवले की भुकेल्या माणसाला नेमकं काय पोचवायचं असतं ते कळतं. (भाषा शिकवणाऱ्याची ही खोड, माफ करा.)

हे त्राण पोचलं का? उशिरा, आणि अपुरं. पहिल्या दहा दिवसांत सरकारने मदतीला लावलं ते एक लष्करी मालवाहू विमान आणि पिकांवर फवारणी करणारी तीन विमानं. चीनच्या दौऱ्यावरून परतताना राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी भागाची हवाई पाहणी केली. भारताने मदत देऊ केली, पण ती विमानाने आणायला पाकिस्तानने परवानगी दिली नाही, ती रस्त्याने रखडत गेली. दोन सरकारांच्या मानापमानात धान्य अडकावं, याला माझ्या मते कुठलंही राजकीय स्पष्टीकरण पुरत नाही. वयोवृद्ध मौलाना भाशानी बेटांवर जाऊन आले आणि 23 नोव्हेंबरला ढाक्याच्या पलटन मैदानात त्यांनी सरकारवर तोफ डागली. 7 डिसेंबरच्या निवडणुकीत पूर्वेकडच्या 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 अवामी लीगकडे गेल्या. वादळग्रस्त भागांतलं मतदान जानेवारीत झालं. हा निकाल एकट्या वादळाने लागला नाही, भाषेचा आणि हक्कांचा झगडा जुना होता. पण उपाशी माणसाला इस्लामाबादचं अंतर नकाशावर मोजावं लागलं नाही.

ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतल्या आल्फ्रेड सोमर आणि हेन्री मोस्ली यांनी त्या भागाची पाहणी केली. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त दहा वर्षांखालची मुलं होती. वाचलेल्यांच्या हातांवर, छातीवर झाडाला रात्रभर मिठी मारल्याच्या जखमा होत्या, आणि ज्यांच्या मिठीत जोर होता तेच बहुधा वाचले. औषधोपचारापेक्षा अन्न, निवारा, शेतीची साधनं यांची निकड मोठी असल्याचं या पाहणीतून पुढे आलं. तीन महिन्यांनंतरही वाचलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक मदतीच्या अन्नावर होते. बातम्यांतून वादळ केव्हाच संपलं होतं.

चित्रकार जैनुल आबेदीन यांनी 1943 च्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यावरचे भुकेले जीव काळ्या शाईत रेखाटले होते. या वादळानंतर त्यांनी 'मनपुरा 70' नावाचं लांबलचक पटचित्र काढलं. याच मनपुऱ्यावर चितगावच्या शेल कंपनीतले एक अधिकारी, फजले हसन आबेद, मित्रांना घेऊन मदत पोचवत होते. पुढे युद्ध झालं, देश बदलला. 1972 मध्ये सिल्हेटच्या शाल्ला भागात परतणाऱ्या निर्वासितांसाठी आबेद यांनी जी संस्था उभी केली, तीच आजची ब्रॅक.