भांडकुदळ जोडीचं कोडं

दिंद्रुडपासून समुद्र लांब. पण हे कोडं तिथल्या वर्गातही घालता येईल. खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन विदूषक मासे सोडले, तर कधी ते सुखानं नांदतात, कधी एक दुसऱ्याचा जीव घेतो. असं का?

1970च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लॉरिडात मार्टिन मो यांनी या माशांची व्यापारी पैदास साधली. भांडणाचं मर्म 1977 साली हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. समुद्रफुलावरच्या गटात सर्वांत मोठी ती मादी. तिची दांडगाईच नराला नर ठेवते. ती मेली की त्याचीच मादी होते. मादीचा पुन्हा नर मात्र होत नाही. म्हणून दोन माद्या समोरासमोर आल्या, की झुंज जिवावर बेतते.

आम्ही तर म्हणू, जोडी शोधूच नये. एक लहान, एक मोठं अशी दोन पिल्लं एकत्र वाढवावीत. दबून राहील तो नर. अंडी राखण्याचं काम पुढे मुख्यतः त्याच्याकडेच येतं.