दुकान बंद झाले, पिणाऱ्याचे काय?

मराठवाड्यातल्या दारूचा इतिहास लिहायचा तर कागदपत्रांना तोटा नाही. पण ती सगळी दुकानाची कागदपत्रे आहेत. लिलाव, परवाने, छापे, वसुली. पिणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, तो कसा आणि कुठे बरा झाला, हे त्यांत शोधू गेलो की हाती फारसे काही लागत नाही. आज मला त्या न लिहिलेल्या बाजूविषयी बोलायचे आहे.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. मोहाची दारू आणि शिंदी यांच्यावरची अबकारी हा त्या तिजोरीचा मोठा आधार. विक्रीचा हक्क मक्त्याने दिला जाई, त्याला म्हणत गुत्ता. आजही आपण रस्त्याच्या ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतो आणि दारूच्या दुकानाला गुत्ता! शब्द राहिला, मक्ताही वेगळ्या रूपात राहिला. तिकडे इंग्रजी अमलातल्या पुण्यात महात्मा फुले यांनी 1880 मध्येच नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांना हरकत घेतली होती. तेव्हापासून आपल्या विचारवंतांचा रोख दुकानावर राहिला, आणि तो चुकीचा नव्हता.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. मराठवाडा 1956 मध्ये त्या राज्यात आला आणि 1959 मध्ये हा कायदा इकडेही लागू झाला. या कायद्याच्या नजरेत पिणारा हा आधी गुन्हेगार. गंमत म्हणजे ज्याला परवाना मिळतो, तो 'प्रकृतीच्या रक्षणासाठी' मिळतो. म्हणजे परवाना घेऊन पिणारा प्रकृती सांभाळणारा, बिनपरवान्याचा आरोपी, आणि आजारी मात्र कोणीच नाही. पुढे बंदी सैल होत गेली. 1972 च्या दुष्काळाच्या पाठोपाठ, 1973 मध्ये, देशी दारूचे नियम आले आणि गावोगावी परवान्याची दुकाने दिसू लागली. शहराला तर पुढे बिअरच्या कारखान्यांनी ओळख मिळवून दिली. 2016 च्या दुष्काळात या कारखान्यांचे पाणी किती तोडायचे यावर उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात सुनावण्या झाल्या आणि कपातीचे आदेशही निघाले. महसूल, पाणी, परवाने यांची चर्चा आपण भरपूर केली आहे.

मग गावातला पिणारा सुटायचा कसा? माझ्या मते, आपल्याकडचा सर्वांत जुना उपचार म्हणजे माळ. पैठण आपल्याच जिल्ह्यातले. नाथषष्ठीला तिथे जाऊन तुळशीची माळ घातली की दारू आणि मांस सुटले, असा रिवाज. 'तो आता माळकरी झाला' या एका वाक्यात सगळे आले. याला नुसती श्रद्धा समजू नये. संध्याकाळच्या वेळी, ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्या वेळी भजनाला बसायचे. एकादशी, दिंडी, वारी यांत वर्ष बांधून घ्यायचे. आणि माळ गळ्यात असल्यामुळे चार माणसांच्या नजरेला जबाबदार राहायचे. अमेरिकेत 1935 मध्ये दोन दारूड्यांनी एकमेकांना आधार देत 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' सुरू केली, ती 1957 मध्ये भारतात आली. आठवड्याची बैठक, आपल्यासारख्यांची सोबत, 'आजचा दिवस प्यायची नाही' एवढाच निर्धार. आपल्या भजनी मंडळाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल.

पण माळेची एक मर्यादा आहे आणि ती जिवाशी येते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. काहींना नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे दिसतात, दिवस-रात्रीचे भान जाते. वैद्यकात याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. वेळेवर औषध आणि 'ब-1' जीवनसत्त्व मिळाले तर माणूस त्यातून निघतो. न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. गावात मात्र याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात. नाहीतर कोणी शहाणा म्हणतो, 'थोडी पाजा, शांत होईल.' होतोही शांत! आणि घरच्यांची खात्री पटते, की याला दारूवाचून जगता येणार नाही.

उपचाराची सोय झाली ती शहरांत आणि उशिरा. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. त्या सुमारास मुंबई-पुण्यात गर्दने तरुण मुले ओढली जात होती. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे यांनी एक लाखाची देणगी देऊ केली, आणि 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते उभे केले. केंद्र गर्दसाठी निघाले, पण पुढे तिथे दारूचेच रुग्ण अधिक येऊ लागले. पस्तीस दिवसांचा मुक्काम, गटचर्चा, नंतरचा पाठपुरावा. महाराष्ट्राला व्यसन हा आजार आहे हे या संस्थेने शिकवले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता हेच सोयगावच्या शेतमजूर बाईच्या बाजूने पाहा. नवऱ्याला न्यायचे तर शहर शंभर किलोमीटरच्या आसपास. 1956 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे घाटी, गरिबाला परवडते. परवडत नाही ते तिथपर्यंत जाणे. दोघांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि हे एकदा नाही, महिनोन्महिने करायचे असते. तिच्या हातात सरकारने दुसरे एक हत्यार दिले: बाटलीचे मतदान. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवान्याचे दुकान बंद. हा लढा मोठ्या हिमतीचा आहे. पण गुलाल उधळून झाल्यावर दुसऱ्या सकाळी गावात हात थरथरणारी माणसे असतात, त्यांची तरतूद त्या मतपत्रिकेत नसते. ती पुढच्या गावाला जातात, नाहीतर नवसागर-गुळाच्या हातभट्टीकडे.

गडचिरोलीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर 1993 मध्ये तिथे जिल्हाभर दारूबंदी झाली, डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था त्यात पुढे होती. त्याच 'सर्च'ने शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह 'मुक्तिपथ' सुरू केले ते 2016 मध्ये. त्यात तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे दवाखाने आणि गावांत शिबिरे आली. बंदी आणि गावापर्यंतचा उपचार यांत तेवीस वर्षे गेली. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठलीही. बंदी हवी की नको यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना मला हे अंतर दाखवावेसे वाटते.

उपचार गावात नेता येतो याचे दाखले जुने आहेत. जोधपूरजवळच्या माणकलावला अफू सोडवण्याची शिबिरे झाली. चेन्नईच्या टीटीके रुग्णालयाने 1989 मध्ये तामिळनाडूतल्या मंजक्कुडी गावात दारूसाठी शिबिर भरवले. पेशंट गावचे, जागा गावची, आणि सोडल्यानंतर नजर ठेवणारेही गावचेच.

शेजारच्या गोव्याने तर मोजून दाखवले. 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या 377 पुरुषांवर अभ्यास केला. त्यांच्याशी बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसतज्ज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा आधीच्या 14 दिवसांत एक थेंबही न घेतलेले, भेटी मिळालेल्यांत 42 टक्के निघाले आणि नेहमीच्या उपचारात 18 टक्के. 2017 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. अर्थात, थरथरीपर्यंत पोचलेल्याला डॉक्टर आणि औषध लागणारच; पण तिथे पोचण्याआधी गाठायचा माणूस गावातच भेटतो.

2019 च्या केंद्र सरकारच्या पाहणीत, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे दिसले. भरती होऊन उपचार मिळाला तो 180 मध्ये एकाला.

आशाताई 2005 नंतर आपल्या गावांत आल्या. तिशी ओलांडलेल्या माणसाकडून त्या आरोग्याचा एक तक्ता भरून घेतात. त्यात 'रोज दारू पिता का' असा सरळ प्रश्न आहे. उत्तर 'हो' आले की एक गुण धरतात. कमरेचा घेर, तंबाखू, वय यांचे गुण त्यात मिळवतात, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला रक्तदाब आणि साखर तपासायला पाठवतात.