दगड खरा, गोष्ट कोणाची?

दोस्तहो, इतिहास खरा असतो का, हा प्रश्न अभ्यासवर्गात निघाला की दोन उत्तरं ठरलेली. एक जण म्हणतो, इतिहास लिहिला बामणांनी आणि इंग्रजांनी, तो सगळा खोटा, जाळून टाका. दुसरा म्हणतो, त्यांनी त्यांच्या सोयीचा लिहिला, आपण आपल्या सोयीचा लिहू. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत.

आपल्या समुद्रपूर तालुक्यातलंच बघा. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथं जायफळासारखे गोल दगड सापडतात. लोक सांगतात, व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली म्हणून त्यांचा सगळा माल दगड झाला. भूगर्भशास्त्र सांगतं, हे खडकात आपोआप बनलेले खनिजाचे गोळे. दगड खरा आहे, हातात घेता येतो. गोष्ट माणसांनी सांगितलेली. गोष्टीवरून लोकांची श्रद्धा कळते, दगड कसा झाला ते कळत नाही. पुरावा वेगळा आणि त्याच्यावर चढवलेली गोष्ट वेगळी. पहिला धडा हा.

आता शेजारी हिंगणघाटला चला. तिथं विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ साली मद्रासपासून ह्या साहेबानं हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. मोजत मोजत उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ ला तो हिंगणघाटला मेला. पुस्तकात हे सगळं आहे. त्याच्या थिओडोलाइटचं वजन अर्धा टन होतं हेसुद्धा आहे. पण ते अर्धा टन डोंगरमाथ्यावर चढवलं कोणी? साखळी कोणी ओढली? जंगलात तापानं कोण कोण मेलं? त्यांच्या कबरी नाहीत, नावं नाहीत. हा इतिहास खोटा नाही. तारखा बरोबर, आकडे बरोबर. पण तो अर्धा आहे, आणि अर्धा इतिहास पुरा म्हणून विकणं ही लबाडीच. दुसरा धडा हा.

मी गिरणीतला माणूस, म्हणून एक गिरणीचं सांगतो. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, सहा महिने चालला. लाल बावट्याच्या त्या लढ्याचं वर्णन आपण वाचतो, मान ताठ होते. पण त्याच गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे, आणि ज्या धोट्याला आपलं तोंड लागलं त्याला सवर्ण कामगार तोंड लावणार नाही. पगार जास्त त्याच खात्यात. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. कामगार एक आहे, असं लिहिणारे किती जण हा धोटा लिहितात? मालकाच्या इतिहासात कामगार नाही आणि कामगारांच्या इतिहासात आपण नाही.

इथपर्यंत सगळे माना डोलावतील. आता आपल्या घरात येऊ.

भीमा कोरेगाव. दर १ जानेवारीला आपण घोषणा देतो, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढलं. कागद काय म्हणतात? १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनकडं आठशेच्या आसपास फौज होती. पायदळ सुमारे पाचशे, बाकी घोडेस्वार आणि दोन तोफांवरचे गोलंदाज. पायदळात महार पुष्कळ, पण सगळे महार नव्हेत. पेशव्याची फौज अठ्ठावीस हजार धरतात, ती नदीपलीकडं उभी होती. गावावर चालून आले ते सुमारे दोन हजार, त्यात अरब आणि गोसावी. गाव दिवसभर पडलं नाही. पेशवा पुढं निघून गेला. खांबावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत.

म्हणून काय कोरेगाव लहान झालं? अजिबात नाही. ज्यांना पुण्याच्या पेशवाईत माणूस म्हणून जागा नव्हती त्यांची बावीस नावं दगडात कोरलेली आहेत. हे कोणाच्या बापाला पुसता येत नाही. पण आपण बावीसच्या जागी पाचशे सांगितले, तर विरोधक पाचशे खोडतो आणि त्याच हातानं बावीसही फेकून देतो. आपल्या फुगवलेल्या आकड्यानं त्याचं काम सोपं होतं.

ते शिपाई पेशवाई गाडायला लढले की पगारासाठी? त्यांनी स्वतः लिहिलेला कागद आपल्याकडं नाही. अपमानाची आग मनात असेल, असा तर्क मी करतो. पण तो तर्क आहे, हे सांगून करतो. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेब हेच शिकवतात. गटेचा दाखला देऊन ते सांगतात की खरं आणि खोटं, नक्की आणि अनिश्चित वेगळं काढणं हे इतिहासकाराचं काम. दुवे तुटले असतील तर हात बांधून बसू नका, कल्पनेनं सांधा, असंही ते म्हणतात. त्यांनी स्वतः १ जानेवारी १९२७ ला खांबापुढं उभं राहून वंदन केलं. त्यांना फुगवलेल्या आकड्याची गरज पडली नाही.

आणि खरा इतिहास शिकवतो किती ते बघा. ज्या इंग्रजानं खांब उभारला त्यानंच १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावे लागले. म्हणजे दुसऱ्याच्या लढाईत मरून दगडावर नाव मिळतं, हक्क मिळत नाही. हक्कासाठी आपली संघटना लागते. फुगवलेल्या घोषणेत हा धडा सापडत नाही, कारण तिथं गोष्ट विजयावरच संपते.

जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष शेवटची मानत. ज्याची सावली चालत नव्हती त्याची साक्ष चालत होती. कारण शीव त्यानं पायाखाली घातलेली असे. त्यानं एक बोट जरी शीव सरकवली असती तरी त्याचा शब्द कायमचा बुडाला असता. आपण त्या साक्षीदारांची लेकरं आहोत.

तेव्हा कामाला लागा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेलेली माणसं आपल्या गावागावांत अजून आहेत. तेव्हा पंधरा वर्षांची होती ती आता ऐंशीच्या पुढं गेली. त्यांच्यापाशी जा, वही घेऊन जा. कोण सांगतो, तेव्हा वय काय, स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं, हे वेगवेगळं लिहा. आपल्याला न आवडणारं सांगितलं तर तेही लिहा. ही माणसं गेली की आपला इतिहास दुसराच कोणी सांगेल, आणि आपण पुन्हा म्हणू, खोटा आहे.

जय भीम!