छायाचित्रांचे जतन : फिल्म आणि डिजिटल साठवण

फिल्मचे आयुष्य प्रामुख्याने तिच्या आधारद्रव्यावर ठरते. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते; नंतरची ॲसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत विघटित होऊन आक्रसते आणि तिला व्हिनेगरचा आंबूस वास येतो. हा बिघाड सुरू झाल्यावर थांबत नाही, थंडाव्याने फक्त मंदावतो. म्हणूनच १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला बेटमन छायाचित्रसंग्रह पुढे पेनसिल्व्हेनियातील चुनखडीच्या जुन्या खाणीत, गोठणबिंदूखालील तापमानात हलवण्यात आला. पॉलिएस्टर फिल्म याहून कितीतरी टिकाऊ. कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांचे असते; नीट धुतलेले असल्यास ते शतकभर टिकू शकते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये मात्र अंधारातही फिकटतात.

डिजिटल प्रतीची नक्कल कोणतीही घट न होता कितीही वेळा करता येते, हे तिचे खरे बळ. पण हार्ड डिस्क निकामी होतात, फाइलींचे प्रकार व त्या वाचणारी यंत्रे कालबाह्य ठरतात. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी अनेक प्रती ठेवणे आणि दर काही वर्षांनी त्या नव्या माध्यमावर उतरवणे अटळ असते. कपाटात विसरलेली निगेटिव्ह पन्नास वर्षांनी उजेडासमोर धरली तरी बहुधा चित्र दिसते. विसरलेल्या डिस्कची तशी खात्री देता येत नाही. स्कॅन झाले म्हणून मूळ निगेटिव्ह टाकून देणे ही जतनातील सर्वांत घातक चूक होय.