विष्णुपुरी : पाटीवरचे नाव आणि तारीख

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा ‘ज्ञानतीर्थ’ परिसर लागतो. नांदेडला येणारा पाहुणा बहुधा सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकवतो, लंगरच्या पंगतीत जेवतो आणि परतीची गाडी धरतो. विष्णुपुरीत पाहण्यासारखे काय आहे, विद्यापीठ तर १९९४ सालचे, असे त्याला वाटते. इमारतींपुरते ते खरेच आहे. पण विद्यापीठाचे वय केवळ भिंतींवरून मोजता येत नाही. ज्या मागणीतून ते उभे राहिले, तिच्यावरून मोजले तर विष्णुपुरीचा इतिहास आणखी पाऊणशे वर्षे मागे जातो.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या राज्यात १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथले शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. वरच्या वर्गांपर्यंत भारतीय भाषेतून शिकवण्याचा तो प्रयोग त्या काळात धाडसी होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र राज्यातली बहुसंख्य प्रजा घरात तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलत होती. तिच्या मुलांना उर्दूही शाळेत नव्याने शिकावी लागे. याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना १९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून काढून टाकण्यात आले, आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षणासाठी मराठवाड्यात त्याआधीच स्वतंत्र शाळा निघाल्या होत्या, त्या अशाच कोंडीमुळे. हिप्परग्याची १९२१ सालची राष्ट्रीय शाळा त्यांतली एक. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेतृत्व करण्याआधी स्वामी रामानंद तीर्थ तिथे आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षक होते. राजकीय नेत्याचे नाव विद्यापीठाला कशाला, असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की हे नाव आधी एका शिक्षकाचे आहे.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले. दहा वर्षांनी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले, तरी नांदेडच्या मुलाला पदवीच्या कामासाठी अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागे. विष्णुपुरीचे विद्यापीठ सुरू झाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी. तारीख केवळ समारंभापुरती निवडली, असे कुणी म्हणेल. तसे असते तरी नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीतल्या विद्यार्थ्यांची ती लांबची पायपीट त्या दिवशी संपली, आणि मुक्तीचा अर्थ त्यांच्यापुरता आणखी एका पावलाने पूर्ण झाला.

विष्णुपुरीतच धरण बांधून गोदावरी अडवलेली आहे. शंकरराव चव्हाणांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाची खरी गंमत उपशात आहे. शेते नदीपेक्षा उंचावर असल्याने पाणी पंपांनी वर चढवून लोहा-कंधारकडच्या जमिनींना द्यावे लागते. जे आपोआप वाहत येत नाही ते उचलून आणायचे, ही मराठवाड्याची रीत विद्यापीठात आणि धरणावर सारखीच दिसते. पुढे कंधारला गेलात तर किल्ल्याजवळचा जगत्तुंग सागर पाहा. पाणी साठवण्याची इथली समज राष्ट्रकूटांइतकी जुनी आहे, हे तो तलाव सांगतो.

फिरायचा क्रमही यावरूनच ठरवावा. सकाळी विष्णुपुरीत गोदावरीच्या काठावरचे काळेश्वराचे मंदिर, मग धरण, नंतर विद्यापीठ. हिवाळ्यात आलात तर जवळपासच्या शेतात ज्वारीचा हुरडा मिळतो का ते विचारा. लातूरच्या बाजूला वेळ अमावस्येला कुणी शेतात बोलावले तर आंबील आणि भज्जी खायला नक्की जा. जेवणावरून या मातीचे पीक कळते आणि पिकावरून पाण्याची किंमत. शक्य असेल तर १७ सप्टेंबरलाच या. त्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि विद्यापीठाचा वर्धापनदिन एकत्र येतात.