रक्तात उरलेली साक्ष

जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर या पुरंदर तालुक्यातील गावी महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण आढळला. निदान पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. बातम्यांत ‘पहिला’ हा शब्द ठळक होता. पण याच संस्थेतून १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात झिकाचे नाव येऊन गेले होते, हे फार थोड्यांना आठवले असेल.

१९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे केले; आजची संस्था ती हीच. रॉकफेलरच्या मंडळींच्या डोक्यात तेव्हा पीतज्वर होता. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत माणसे मारणारा हा रोग भारतात का नाही? तो पसरवणारा एडीस डास तर इथे मुबलक. स्मिथबर्न, कर आणि गटणे या तिघांनी त्यासाठी जी वाट धरली ती विषाणू शोधण्याची नव्हे, तर माणसांच्या रक्तात त्याची आठवण शोधण्याची होती. स्मिथबर्न युगांडातल्या एंटेबीच्या प्रयोगशाळेत मुरलेले. वेस्ट नाइल विषाणू तिथेच त्यांच्या हाती लागला होता, आणि झिकाही त्याच प्रयोगशाळेच्या माणसांना १९४७ मध्ये, झिका नावाच्या जंगलात ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या माकडाच्या रक्तात सापडला होता.

कसोटी आजच्या मानाने ओबडधोबड, पण पाहण्यासारखी. माणसाच्या रक्तातून रक्तजल वेगळे करायचे, त्यात माहीत असलेला विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण उंदराच्या मेंदूत टोचायचे. उंदीर मेला, तर रक्तजलाला त्या विषाणूची ओळख नाही. जगला, तर त्यातल्या प्रतिपिंडांनी विषाणूला निकामी केले. म्हणजे त्या माणसाची गाठ कधीतरी या विषाणूशी पडली असावी. ताप येऊन गेला, माणूस विसरला, कदाचित ताप आलाही नसेल. पण विषाणूवरच्या प्रथिनाला नेमक्या बसणाऱ्या बी पेशींची त्या वेळी वाढ झाली, त्यातल्या काही अस्थिमज्जेत जाऊन बसल्या आणि वर्षानुवर्षे प्रतिपिंडे रक्तात सोडत राहिल्या. रोगाची नोंद कोणत्याही दवाखान्यात नसली तरी ती इथे असते.

निकाल चकित करणारे होते. झिकासाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तजलाने उंदीर वाचवले. जपानी मेंदूज्वराच्या खुणाही नागपूर भागातल्या रक्तात मिळाल्या. त्या रोगाचे रुग्ण भारतात प्रथम ओळखले गेले ते १९५५ साली, वेल्लोरला. म्हणजे रक्ताने डॉक्टरांच्या आधी सांगितले होते.

मग १९५२ सालीच झिका भारतात होता म्हणायचे का? २०१६ मध्ये ब्राझीलमधली साथ आणि लहान डोक्याची अर्भके पाहून जग हादरले, तेव्हा इथे हा जुना निबंध पुन्हा बाहेर निघाला. आपल्याकडे प्रतिकारशक्ती आधीच आहे, असा दिलासाही कोणी कोणी त्यातून काढला. मला तो दिलासा घाईचा वाटतो. झिका, डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल ही सगळी एकाच कुळातली. डेंग्यूसाठी घडलेले प्रतिपिंड झिकालाही थोडेफार चिकटते. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण भावाभावांत गफलत करतो. त्या ३३ जणांत खऱ्या झिकाचे किती आणि डेंग्यूने दिलेल्या उसन्या ओळखीचे किती, हे त्या उंदरांवरून ठरवता येत नाही.

शिवाय अर्धवट ओळख नेहमी उपकारक असतेच असे नाही. बँकॉकमध्ये १९६०च्या दशकात हॅल्स्टेड यांच्या लक्षात आले, की डेंग्यूचा भयंकर प्रकार बहुधा दुसऱ्या खेपेला, वेगळ्या प्रकारच्या विषाणूने होतो. जुने प्रतिपिंड विषाणूला चिकटते पण मारत नाही. उलट ज्या पेशी प्रतिपिंडे गिळतात त्यांच्या आत त्याला पोहोचवते. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता, त्यांच्यात लस हीच जणू पहिली खेप ठरते आणि पुढे तीव्र आजाराचा धोका वाढतो, हे २०१७च्या अखेरीस जाहीर झाले आणि मोहीम थांबली. टोचण्याआधी त्या मुलांच्या रक्ताला काय आठवते आहे, हे कोणी विचारले नव्हते.

बेलसरमध्ये त्या पावसाळ्यात चिकुनगुनियाची साथ होती. झिका निघालेल्या महिलेला चिकुनगुनियाही झालेला होता. तिच्याबाबत प्रतिपिंडांच्या साक्षीवर विसंबावे लागले नाही. तापाच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तात विषाणूचा आरएनए सापडतो, तो आरटी-पीसीआर चाचणीने थेट पाहता आला. स्मिथबर्न, कर आणि गटणे यांच्याकडे ती सोय नव्हती. त्यांच्याकडे रक्तजल होते आणि उंदीर होते.