नाशिकहून उमरा: तिकीट काढण्याआधी मार्ग कसा ठरवावा?

उमराचा इरादा पक्का झाला की घरात पहिला प्रश्न येतो, "तिकीट कितीला पडेल?" खरं तर त्याआधी विचारायला हवं, "कोणत्या मार्गाने जायचं?" मुंबई ते जेद्दाह थेट विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचतं. तोच प्रवास दुबई, मस्कत, कुवेत किंवा बहरीनमार्गे केला तर दहा-बारा तास लागतात, कधी अख्खा दिवस जातो. सोबत सत्तरीचे अब्बा, गुडघेदुखीची अम्मी किंवा लहान मूल असेल तर हा फरक फक्त वेळेचा राहत नाही. उमराच्या प्रवासात इहराम आणि मीकातचाही प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मार्गावरच ठरतं. जुने नाशिक, वडाळा, मालेगाव, मनमाड अशा आपल्या भागातून निघणाऱ्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी मदीना की आधी मक्का?

तिकीट शोधण्यापूर्वी हे ठरवा. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी मक्केला जायचं असेल तर विमान जेद्दाहला उतरतं. मीकात त्याआधीच लागते. आपल्याकडून जाणारी विमानं ओमान आणि सौदीच्या आतल्या भागावरून ताइफच्या बाजूने येतात, म्हणजे कर्न अल-मनाझिलची हद्द विमानातच ओलांडली जाते. पूर्वी लोक मुंबईहून जहाजाने जात, तेव्हा समुद्रमार्गे यलमलम ही मीकात असे. १९९५ पासून हजची जहाजं बंद झाली आणि सगळा प्रवास हवाई झाला. विमानात मीकात जवळ आल्याची घोषणा बहुतेक वेळा होते, पण झोप लागली तर ती ऐकू येईलच असं नाही. म्हणून इहरामचे कपडे घरी, मुंबई विमानतळावर किंवा मधल्या थांब्यावर घालून घ्यावेत. नीयत आणि तल्बिया मीकातच्या आधी व्हायला हवी. जेद्दाहला उतरून इहराम बांधण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना निघण्याआधीच विचारून घ्या, म्हणजे तिथं गेल्यावर दमचा प्रश्न उभा राहणार नाही.

आधी मदीनेला उतरलात तर साध्या कपड्यांत जाता येतं. तीन-चार दिवस आराम आणि झियारत होते. मग मक्केला निघताना मदीनेबाहेरच्या झुल-हुलैफा इथं, ज्याला लोक बीर अली किंवा अबियार अली म्हणतात, इहराम बांधायचा. वयस्कर आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना हा क्रम सोपा जातो. ज्या बहिणींच्या तारखा प्रवासाच्या दिवसांत येतात, त्यांनाही यामुळे तवाफसाठी दिवस पुढे-मागे करायला वाव मिळतो.

"मदीना इन, जेद्दाह आउट"

टूर्सवाल्यांकडे ही बोली नेहमी ऐकू येते. म्हणजे जाताना मदीनेला उतरायचं आणि परतताना जेद्दाहहून बसायचं. मक्का-मदीना अंतर साधारण ४५० किलोमीटर आहे. जेद्दाहला जाऊन जेद्दाहहूनच परतायचं असेल तर हे अंतर दोनदा कापावं लागतं. मदीना इन, जेद्दाह आउट केलं तर एकदाच. २०१८ पासून दोन्ही शहरांमध्ये हरमैन रेल्वे धावते आणि जेद्दाह विमानतळावरही तिचं स्थानक आहे. त्यामुळे हा एक टप्पा बसऐवजी रेल्वेनेही करता येतो. मदीना विमानतळ मस्जिद-ए-नबवीपासून जवळ आहे, तर जेद्दाह विमानतळापासून मक्का शंभरेक किलोमीटर. अशा तिकिटाला दोन-तीन हजार जास्त लागले तरी हिशोब करून पाहा. वाचलेलं बसभाडं आणि वाचलेला थकवा त्यात धरा.

थेट विमान की मध्ये थांबा?

मुंबईहून जेद्दाहला सौदिया, इंडिगो, एअर इंडिया अशा कंपन्यांची थेट सेवा राहिली आहे. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, म्हणून तारीख टाकूनच पाहावं. थांब्याचं तिकीट बहुधा स्वस्त पडतं. समजा माणशी ५ हजारांचा फरक आहे आणि चार जण आहेत, म्हणजे २० हजार. रक्कम छोटी नाही. पण थांबा आठ तासांचा असेल तर चौघांचं खाणं-पिणं, बसून झालेला थकवा आणि मक्केत पोहोचल्यावर वाया जाणारा पहिला दिवस, हेही मोजावं लागेल. तरुण मंडळींना हरकत नाही. आई-वडिलांना घेऊन जाताना शक्य असेल तर थेट विमानच बघा.

थांबा घ्यायचाच असेल तर दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा. दीड तासाचं कनेक्शन कागदावर छान दिसतं. पहिलं विमान पाऊण तास उशिरा निघालं की व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन पळापळ होते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, आणि दोन्ही विमानांसाठी नोंदली आहे का ते तपासा.

थांब्याच्या मार्गात इहराम कुठं बांधायचा हे आधी ठरवा. दुबई, मस्कत, कुवेत, बहरीन, दोहा या विमानतळांवर नमाजची जागा आहे, तिथं कपडे बदलता येतात. रियाधमार्गे जाणार असाल तर इमिग्रेशन रियाधलाच होतं आणि पुढचं विमान जेद्दाहच्या वाटेवर मीकात ओलांडतं, म्हणून इहराम रियाधला बांधून घ्यावा. या सगळ्यासाठी एक नियम पाळा: इहरामचे कपडे आणि चप्पल हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत टाकलेत तर ती बॅग थेट जेद्दाहलाच हाती येईल.

एकच पीएनआर

ही चूक महागात पडते. मुंबई-दुबई एका कंपनीचं आणि दुबई-जेद्दाह दुसऱ्या कंपनीचं अशी दोन सुटी तिकिटं काही जण जोडून घेतात. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीवर काहीच जबाबदारी येत नाही. नवीन तिकीट आपल्या खिशातून. शिवाय सामान दुबईत बाहेर जाऊन घ्यावं लागलं तर तिथला व्हिसा लागतो. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर सामान शेवटपर्यंत जातं आणि कनेक्शन चुकलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते.

अडचण कधीही येऊ शकते. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत विक्रमी पाऊस झाला आणि विमानतळाचं वेळापत्रक कित्येक दिवस कोलमडलं. जून २०२५ मध्ये युद्धाच्या तणावात कतारसह काही आखाती देशांनी हवाई हद्द काही तास बंद केली होती. अशा वेळी एक पीएनआर असलेला प्रवासी निदान कंपनीच्या काउंटरवर हक्काने उभा राहू शकतो.

नाशिक ते मुंबई: अर्धी परीक्षा इथंच

आपलं ओझर विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, पण तिथून जेद्दाहला नियमित विमान नाही. दिल्ली किंवा हैदराबादमार्गे जाता येतं, फक्त तेही एकाच पीएनआरवर घ्यावं. नाहीतर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोचीच मुभा असते आणि जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, त्याचा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना जास्त बसला. मुंबईची विमानं अरबी समुद्रावरूनच जातात.

बहुतेकांना मुंबईच सोयीची. नाशिक ते मुंबई विमानतळ रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्याने कसारा घाट टाळता येतो, मात्र भिवंडी आणि ठाण्याची कोंडी चुकत नाही. पावसाळ्यात पाच तास धरूनच निघा. मालेगावकरांनी आणखी दोन-अडीच तास धरावेत.

हिशोब असा करा. विमान पहाटे ५ चं असेल तर विमानतळावर रात्री २ ला पोहोचायचं, म्हणजे नाशिक रात्री ९ ला सोडायचं आणि मालेगाव संध्याकाळी साडेसहाला. तारीखही नीट वाचा. तिकिटावर शुक्रवार रात्री २ वाजता लिहिलं असेल तर घरातून गुरुवारी निघायचं. या एका गोष्टीत गोंधळ होऊन विमान सुटू शकतं.

विमान रात्री उशिरा असेल तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस हाही पर्याय आहे. सीएसएमटीहून मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकापर्यंत जाते. सामान जास्त असेल तर टॅक्सीच बरी. आणि एक नवीन काळजी: डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे बघितल्याशिवाय गाडी ठरवू नका.

रमजानमध्ये आणि परतताना

रमजानमध्ये पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. दुपारी निघालात तर घरच्या इफ्तारच्या वेळी आकाशात सूर्य दिसतच असेल. इफ्तार आपण जिथं आहोत तिथल्या सूर्यास्तावर होतो, घड्याळावर नाही. मुसाफिराला रोज्याची सवलत आहे, मसला आधी विचारून ठेवा.

परतताना झमझमचा प्रश्न येतो. पाच लिटरचा सीलबंद डबा विमानतळावरच घ्यावा आणि तो चेक-इन सामानात द्यावा. मध्ये थांबा असेल तर हातातली मोठी बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते. दिल्ली किंवा हैदराबादमार्गे ओझरला येणार असाल तर पहिल्या भारतीय विमानतळावर साधारणपणे सामान घेऊन कस्टम करावं लागतं आणि पुन्हा जमा करावं लागतं. त्यासाठी वेळ ठेवा.

हज कमिटीतून जाणाऱ्यांसाठी

हज कमिटीच्या हाजींना विमान कंपनी निवडता येत नाही, पण फॉर्म भरताना एम्बार्केशन पॉइंट निवडता येतो. प्रत्येक पॉइंटचं भाडं वेगळं असतं आणि २०१८ पासून सबसिडी नसल्याने फरक आपल्यालाच भरावा लागतो. त्या वर्षीची यादी आणि दर बघूनच पर्याय लिहा.

पैसे देण्याआधी टूर्सवाल्यांना विचारा

१. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर आहे का?
२. कोणत्या शहरात उतरणार आणि कुठून परतणार?
३. थांबा कुठं, किती तासांचा, आणि टर्मिनल बदलावं लागेल का?
४. प्रत्येक टप्प्यावर किती किलो सामान? झमझम त्यात की वेगळं?
५. व्हीलचेअर दोन्ही विमानांसाठी नोंदली का?
६. तारीख बदलली किंवा विमान रद्द झालं तर पैसे किती परत मिळतील?

उत्तरं तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लेखी मागा. चांगला टूर्सवाला यावर नाराज होत नाही. आयुष्यभर साठवलेल्या पैशांतून अम्मी-अब्बा या सफरवर निघतात. काबा पहिल्यांदा डोळ्यांसमोर येईल तेव्हा ते थकून कोसळलेले नसावेत, एवढा विचार तिकीट काढताना आपण नक्की करू शकतो.

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो आणि उमरा कबूल फर्मावो. आमीन.